पाखरांमागे गेलेली माणसे

मराठी साहित्यात पाखरांना तोटा नाही. ज्ञानदेवांच्या विराणीत कावळा शकुन सांगतो, पंडित कवींच्या आख्यानांत हंस दूत होऊन जातो, चकोर चांदण्यावर जगतो आणि चातक एका थेंबासाठी उभा जन्म तिष्ठत राहतो. आमच्या गोदाकाठी दिवाळीच्या आगेमागे चक्रवाकांच्या जोड्या उतरू लागतात. रात्र पडली की या नवराबायकोची ताटातूट होते आणि दोन तीरांवरून ती एकमेकांना साद घालतात, असे कवींनी शतकानुशतके सांगितले आणि आपण ते मानले. मृगाच्या तोंडावर पावशा ओरडू लागला की शेतकऱ्याला त्यात 'पेर्ते व्हा' ऐकू येते. दसऱ्याला नीलपंखाचे दर्शन झाले तर वर्ष बरे जाते, असे अजूनही पुष्कळ घरांत मानतात. आणि नांदेडकरांना तर गुरू गोविंदसिंगांची तसबीर हातावरच्या बाजाशिवाय डोळ्यांपुढे येतच नाही.

ही सारी पाखरे आपली आहेत. तथापि ती आपल्याकडे पाखरे म्हणून आलेली नाहीत. कोणी विरहाचे ओझे वाहून आणले, कोणी भक्तीचे, कोणी पावसाच्या आशेचे. चक्रवाक हिमालयापलीकडच्या पठारांवर पिले वाढवतो आणि हिवाळ्यापुरता आपल्याकडे येतो, ही गोष्ट विरहकाव्याला ठाऊक नव्हती. तिची त्याला गरजही नव्हती. 'पेर्ते व्हा' म्हणणारा पावशा स्वतः घरटे बांधीत नाही, सातभाईच्या घरट्यात अंडे घालून मोकळा होतो, हेही त्या हाकेत कुठे ऐकू येत नाही. पाखरू स्वतःसाठी काय करते, आणि जे करते ते तसेच का करते, हा प्रश्न आपल्या वाङ्मयाने फारसा विचारला नाही. मग जी माणसे हा प्रश्न विचारण्यात आयुष्य घालवतात त्यांचे चरित्र तरी आपल्याला कसे वाचता येणार?

हा विचार मनात आला तो तीन आत्मचरित्रे लागोपाठ वाचताना. एक सलीम अलींचे इंग्रजी 'द फॉल ऑफ अ स्पॅरो', १९८५ साली निघालेले. दुसरे मारुती चितमपल्लींचे 'चकवाचांदण'. तिसरे माधव गाडगीळांचे 'सह्याचला आणि मी : एक प्रेमकहाणी', २०२३ साली राजहंस प्रकाशनाने काढलेले. तिघांचे जन्मगाव महाराष्ट्रातले : मुंबई, सोलापूर आणि पुणे. तिघांच्याही आयुष्याच्या मुळाशी पाखरू आहे. पण पाखराने प्रत्येकाला वेगळ्या दाराशी नेऊन सोडले. ही पुस्तके एकत्र वाचली म्हणजे पक्ष्यांच्या वर्तनाचा अभ्यास हा एक व्यवसाय म्हणून, एक विद्या म्हणून आणि एक गोष्ट म्हणून आपल्याकडे कसा उभा राहिला हे दिसते. आणि मराठीत काय लिहावयाचे राहून गेले तेही दिसते.

सलीम अलींपासून आरंभ करू. त्यांचा जन्म १८९६ चा. पुस्तकाच्या नावातली चिमणी खरीखुरी आहे : लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली. ती कोणत्या जातीची हे विचारावयास हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला, तेथे मिलार्ड नावाच्या भल्या इंग्रज गृहस्थाने त्याला पेंढा भरलेल्या पाखरांचे कपाट उघडून दाखवले आणि आयुष्याची दिशा ठरली. ही हकिकत आता पाठ्यपुस्तकांतून घासून गुळगुळीत झाली आहे. मला तिच्याहून मोलाची वाटते ती दुसऱ्या एका चिमणीची. तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात चिमणीचे घरटे होते. मादी आत अंड्यांवर, नर बाहेर खुंटीवर. पोराने नर टिपला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर मिळवला; तोही खुंटीवर बसला; तोही टिपला गेला. सात दिवसांत आठ नर पडले आणि दर वेळी जागा भरली गेली. पोराने हे वहीत टिपून ठेवले.

आजच्या वाचकाला यात क्रौर्य दिसेल, आणि ते आहेच. सलीम अलींनी त्यावर पांघरूण घातलेले नाही. परंतु त्या नोंदीत एक शास्त्रीय प्रश्न निजलेला आहे. एक जागा रिकामी होताच दुसरा नर हजर होतो, म्हणजे घरटे न मिळालेले नर आसपास वाट पाहत होते. घरट्याची जागा हे मोठे धन आहे आणि ते सर्वांना पुरत नाही. जो तो जोडीने सुखी, असा जो संसार आपल्याला वळचणीला दिसतो त्याच्या कडेला बिनघरांची एक रांग उभी आहे. उत्क्रांतीच्या दृष्टीने परिसराकडे पाहणारे शास्त्र पुढे ज्या गोष्टी मांडते त्यांतली एक मूळ गोष्ट त्या पोराच्या वहीत आली होती. पोराला ती कळली होती असे नव्हे. त्याने फक्त आकडा खरा लिहिला. विद्येची सुरुवात पुष्कळदा इतकीच असते.

पुढे या माणसाची जी 'कारकीर्द' झाली ती आपल्याकडच्या कोणत्याही बापाला घाबरवणारी आहे. पदवी नाही. मध्यंतरी ब्रह्मदेशात घरच्या खाणधंद्यात घातलेली वर्षे. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात मार्गदर्शक-व्याख्यात्याची नोकरी. मग रजा काढून बर्लिनला, एर्विन श्ट्रेसेमान या मोठ्या पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली काम. १९३० साली परत येऊन पाहतात तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली. नोकरी गेली म्हणून मुंबईचा खर्च टाळून अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले, आणि तेथे पावसाळ्यात घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत लागलेली होती. त्या बेकारीच्या पावसाळ्यात त्यांनी जे पाहिले ते १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या पक्षिशास्त्रज्ञांनी त्याची दखल घेतली.

त्यांनी पाहिले ते असे. घरटे विणतो तो नर. तो ते पुरे करीत नाही. शिरस्त्राणासारखा अर्धा आकार झाला, मध्ये आडवा पट्टा पडला की थांबतो आणि पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरते, ओढून पाहते, बसून पाहते. पसंत पडले तर राहते. मग नर अंड्यांची खोली आणि लांब नळी पुरी करतो. ती आत अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या शेजारी दुसरे घरटे विणावयास घेतो, दुसऱ्या मादीसाठी. जमले तर तिसरेही. नापसंत घरटी तशीच अर्धवट लोंबत राहतात. ती प्रत्येकाने पाहिली असतील, पण ती का अर्धवट हे विचारले नसेल.

येथे मराठी वाचकाला थबकावे लागते. आपण या पाखराला नावच 'सुगरण' दिले आहे. घर राखणारी, हाताला चव असलेली, टुकीने संसार करणारी बाई ती सुगरण. बहिणाबाई चौधरींची खोप्याची कविता महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाने शाळेत म्हटली आहे. तिथेही खोपा टांगणारी आईच आहे, पिलांसाठी जीव टाकणारी. आता शास्त्र म्हणते की विणकर बापई आहे, आणि तोही एका घरी न टिकणारा. मग कविता खोटी पडली काय?

माझ्या मते मुळीच नाही. बहिणाबाईंना हातांवाचून, निव्वळ चोचीने साधलेल्या कारागिरीचा अचंबा सांगावयाचा होता आणि माणसाला त्याच्या दोन हातांची आठवण करून द्यावयाची होती. तो अचंबा विणणारा नर ठरल्याने तसूभर कमी होत नाही. पण कविता खरी आहे म्हणून निरीक्षण फुकट, असेही नव्हे. निरीक्षणाने सुगरणीच्या मादीला विणकरणीच्या जागेवरून काढून पारखी केले. ती घर बांधीत नाही, घर जोखते. पुढच्या अभ्यासकांनी शोधले की ती जोखते तरी काय. तर विणीच्या सुबकपणापेक्षा घरट्याच्या जागेला ती अधिक महत्त्व देते, असे आढळले. सोयरीक पाहावयास गेलेल्या आपल्याकडच्या कोणत्याही चतुर आजीला हे पटेल : मुलाच्या अंगरख्यापेक्षा ती त्याच्या विहिरीचे पाणी पाहते. हे कळल्यावर बहिणाबाईंची कविता पुन्हा वाचावी. ती उणी होत नाही, तिच्या शेजारी दुसरी एक गोष्ट उभी राहते एवढेच. पुढे मुंबई विद्यापीठाने सोसायटीला पदव्युत्तर संशोधनासाठी मान्यता दिली, आणि सलीम अलींच्या शिष्यांपैकी व्ही. सी. आंबेडकर यांचा भारतीय सुगरणींच्या विणीवरचा प्रबंध १९६४ साली विद्यापीठाने छापला. स्वतः पदवी नसलेला माणूस पदव्या देववू लागला, ही त्या कारकिर्दीची गंमत आहे.

मराठवाड्याशी सलीम अलींचा संबंध आहे तो याच बेकारीतून आलेला. पगार मागायचा नाही, फक्त प्रवासाचा आणि तळाचा खर्च द्या, मी तुमच्या मुलखातली पाखरे मोजून नोंदवून देतो, असा प्रस्ताव त्यांनी संस्थानांपुढे ठेवला. तो प्रथम उचलला निजामाच्या हैदराबादने. १९३१-३२ साली ही पाहणी झाली. नांदेड, लातूर, औरंगाबाद हा सारा मुलूख तेव्हा त्या संस्थानात होता. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या एका जुन्या तळ्याला त्यांचे नाव आहे. परंतु त्यांनी घातलेली अट विसरू नये. बिनपगारी काम करण्याची ऐपत त्यांच्यापाशी होती, कारण पाठीशी कुटुंबाचा आधार होता आणि पत्नी तेहमिना यांची साथ होती. आत्मचरित्रात हे येते, पण सहज येते. कोरडवाहू चार एकरांच्या घरातला मुलगा अशी अट घालू शकत नाही. या पुस्तकाची भाषा कोरडी, मिश्कील, स्वतःविषयी कमी बोलणारी आहे आणि तेच तिचे सौंदर्य आहे. मात्र त्या मिश्कीलपणामुळे एक मोठा आर्थिक प्रश्न अलगद बाजूला सरकतो, हेही समीक्षकाने सांगितले पाहिजे.

मारुती चितमपल्लींनी हा प्रश्न दुसऱ्या रीतीने सोडवला. त्यांनी जंगलातच नोकरी धरली. १९३२ साली सोलापुरात जन्मलेला हा माणूस वनखात्यात शिरला आणि कर्नाळा, नवेगाव, नागझिरा, मेळघाट अशा रानांतून आयुष्य काढून त्याने मराठीला अरण्याचे एक वेगळेच दालन दिले. 'पक्षी जाय दिगंतरा', 'जंगलाचं देणं', 'रानवाटा' ही पुस्तके घरोघर गेली. २००६ साली सोलापूरच्याच साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, २०२५ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला त्यांचे निधन झाले.

त्यांचे थोर काम शब्दांचे आहे. पाखरांविषयी बोलावयाचे तर आधी मराठीत नामे हवीत. कावळ्यांच्या वसाहतीला त्यांनी 'काकागार' म्हटले, बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार', पाखरे रात्री एकत्र बसतात त्या ठिकाणाला 'रातनिवारा'. 'पक्षिकोश' त्यांनी रचला. संस्कृत ग्रंथ, आदिवासींच्या बोली, पारध्यांचे शब्द या सर्वांतून वेचून आणलेले हे धन आहे. नवेगावला माधवराव पाटलांसारखा रानाचा जाणकार त्यांना भेटला, त्याचे ऋण ते मनापासून मानतात. विद्या केवळ विद्यापीठात नसते हे त्यांच्याइतके मराठीत कोणी पटवून दिले नाही.

पण प्रेमाखातर दोष झाकू नये. चितमपल्लींच्या गद्यात स्वतः पाहिलेले, कोणी सांगितलेले आणि पोथीत वाचलेले ही तीन पाणी एकाच घागरीत येतात. त्यांचे लेखन वाचताना जी भूल पडते ती यामुळेच पडते. परंतु एखाद्या मुलाला त्यावरून पाखरू पाहावयास शिकवू गेले तर अडचण होते. अमुक पक्षी अमुक करतो, हे कोणी, कधी, किती वेळा पाहिले? हा प्रश्न त्यांच्या सृष्टीत थोडा अरसिक वाटतो. नरहर कुरुंदकरांनी ज्या गावी उभी हयात मुलांना शिकवले त्या गावी राहून असा अरसिकपणा करण्याची मुभा मी घेतो. चिकित्सेने प्रेम आटत नाही. आटत असेल तर ते मुळात पातळ असले पाहिजे.

तिसरे पुस्तक गाडगीळांचे, आणि 'विद्यापीठीय कारकीर्द' हा शब्द खऱ्या अर्थाने लावता येईल असे हेच. १९४२ साली पुण्यात जन्म. वडील अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ, स्वतः पाखरांचे शौकी आणि सलीम अलींचे स्नेही. लहानपणी या मुलाला शेपटीतले लांब पीस नसलेले वेडे राघू एकाएकी दिसू लागले. ही कोणती निराळी जात? प्रश्न सलीम अलींकडे गेला आणि उत्तर आले की जात तीच, पिसे झडून नवी येण्याचा हा काळ आहे. पुढे फर्ग्युसन, मुंबईत एम.एस्सी., मग हार्वर्ड. तेथे ते मासे आणि पाखरे यांच्याकडून गणिताकडे वळले, १९६९ साली डॉक्टरेट झाले, आणि १९७१ साली पत्नी सुलोचना यांच्यासह परत आले. १९७३ पासून बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था हे त्यांचे घर झाले.

त्यांच्या गणिती कामातला १९७० सालचा बॉसर्ट यांच्यासह लिहिलेला निबंध जगभर उद्धृत होतो. विषय ऐकावयास अवघड, समजावयास सोपा. प्रत्येक जिवापाशी शक्ती थोडी असते. ती आज पिलांवर खर्चावी की स्वतःचे शरीर राखून उद्याच्या विणीसाठी ठेवावी? शेतकऱ्याला हा हिशेब शिकवावा लागत नाही. आलेल्या धान्यातले खायचे किती आणि बियाण्याला ठेवायचे किती, हा तोच हिशेब. किनवटच्या रानातला बांबू वर्षानुवर्षे फुलतच नाही, एकदा सर्वस्व ओतून फुलतो आणि मरतो. आंबा दरसाल थोडे थोडे देतो. दोन्ही रीती निसर्गात टिकल्या, कारण आपापल्या परिस्थितीत दोन्ही हिशेब बरोबर उतरतात. कोणत्या परिस्थितीत कोणता, हे गणिताने सांगता येते, असे त्या निबंधाने दाखवले.

पण पाखरे सुटली नव्हती. कोणत्याही तालुक्याच्या गावी एस.टी. स्थानकासमोरच्या पिंपळावर तिन्हीसांजेला साळुंक्या, कावळे, पोपट कलकलाट करीत जमतात. का जमतात? एक तर्क असा की रात्री एकत्र बसल्याने सकाळी, ज्याला काल दाणा सापडला त्याच्या मागोमाग जाता येते. वॉर्ड आणि झहावी यांनी १९७३ साली हा तर्क प्रसिद्धीस आणला. दुसरा तर्क असा की अनेक डोळे असले की घुबड-मांजराची चाहूल लवकर लागते. आता एकाच झाडावर फळे खाणारा पोपट आणि काहीही खाणारा कावळा बसत असेल तर पोपटाला कावळ्याच्या जेवणाचा पत्ता काय कामाचा? अशा मिश्र रातनिवाऱ्यांचा पुरावा दुसऱ्या तर्काकडे झुकतो. गाडगीळांनी १९७२ साली 'आयबिस' या नियतकालिकात मिश्र रातनिवाऱ्यांवर टिपण लिहिले, आणि १९७५ साली ऐंशीच्या उंबरठ्यावर आलेले सलीम अली आणि तिशीतले गाडगीळ या दोघांनी मिळून भारतीय पाखरांच्या सामूहिक रातनिवाऱ्यांवर निबंध प्रसिद्ध केला. ज्याने पोराच्या पत्राला उत्तर दिले होते तो त्याचा सहलेखक झाला.

माझी या पुस्तकाविषयी मुख्य तक्रार येथेच आहे. देवराया, बांबूच्या कागदगिरण्या, नीलगिरी, पश्चिम घाटाचा अहवाल आणि गावकऱ्यांचे हक्क यांवर गाडगीळ तपशिलाने, चुरशीने लिहितात. तो लढा त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग होता. पण प्रश्न सुचतो कसा, चुकतो कसा, पाच संध्याकाळी झाडाखाली उभे राहून सहाव्या संध्याकाळी मनात काय चमकते, या गोष्टींना त्या मानाने जागा कमी मिळाली आहे. 'उत्क्रांती : एक महानाट्य' आणि 'वारूळ पुराण' लिहिणाऱ्या माणसाला ही भाषा येत नव्हती असे कोण म्हणेल? मराठी वाचकाला शास्त्रज्ञाची मते पुष्कळ ऐकावयास मिळतात. त्याचे हात कामात असताना मात्र क्वचित दिसतात.

तरीही या पुस्तकाला ज्या गोष्टीसाठी मान द्यावयाचा ती भरतपूरची. केवलादेव घाना हे राजस्थानातले पाणपक्ष्यांचे नामांकित ठिकाण. तेथे गावकऱ्यांच्या म्हशी चरत. त्यामुळे पाखरांना उपद्रव होतो असे पक्षिप्रेमींचे मत होते, सलीम अलींचेही होते. १९८२ साली चराई बंद झाली; गावकरी उठले; पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. पुढे सलीम अलींच्याच सोसायटीने वर्षानुवर्षे केलेल्या अभ्यासातून निष्पन्न झाले ते उलटे : म्हशी नाहीशा झाल्यावर पाणगवत माजले, उघडे पाणी कमी झाले आणि पाणपक्ष्यांचे नुकसान झाले. ज्यांना उपद्रव समजले त्या म्हशी तळ्याची मशागत करीत होत्या.

गाडगीळ हे लपवीत नाहीत. ज्या पुरुषाला गुरुस्थानी मानले त्याचे मत चुकले आणि त्या चुकीची किंमत गरिबांनी मोजली, असे ते स्पष्ट लिहितात, आणि तरीही गुरूवरची माया पानापानांतून दिसते. आपल्याकडे गुरुचरित्रे लिहिण्याची परंपरा जुनी आहे, गुरुनिंदेचीही थोडीफार आहे. पण प्रेम ठेवून चूक दाखवण्याची फार थोडी. मला वाटते, पाखरांच्या अभ्यासाने गाडगीळांना हेच शिकवले असावे. म्हशींचा उपद्रव हे मत होते आणि पाणगवताची वाढ हे मोजमाप होते. या दोहोंत निवड करताना मताला वय, मान आणि थोरवी यांची सवलत मिळत नाही. आणि ज्या सोसायटीने आपल्याच अध्वर्यूचे मत खोडणारे निष्कर्ष प्रसिद्ध केले तिचाही मान यात वाढतो.

तेव्हा तीन पुस्तके, तीन दाने : सलीम अलींनी नोंद दिली, चितमपल्लींनी नाव दिले, गाडगीळांनी प्रश्न दिला. पण ही तिन्ही एकत्र नांदतात असे पुस्तक मराठीत अजून यावयाचे आहे. एका माणसाने एक पाखरू, समजा साधी साळुंकी, पाच-दहा वर्षे पाहावी. आपल्या बोलीतल्या नावांनी लिहावे. पाहिलेले, ऐकलेले आणि वाचलेले वेगळे ठेवावे. एक प्रश्न धरून बसावे आणि उत्तर आपल्याविरुद्ध गेले तरी छापावे. अशा पुस्तकाला परदेशी दुर्बिणी लागत नाहीत, वही लागते.

असे पुस्तक लातूर-नांदेडकडून का येऊ नये? येथे आमच्या अभिमानाचा आणि अडचणीचा विषय एकच आहे. 'लातूर पॅटर्न'ने या दुष्काळी मुलखातल्या हजारो मुलांना डॉक्टर-इंजिनियर केले, घरे वर काढली. त्याची टिंगल करण्याचा अधिकार सुखवस्तू माणसाला नाही. ज्या घराने जमीन गहाण टाकून मुलाची शिकवणी भरली आहे त्या घराला पाखरे पाहण्याचे महत्त्व सांगणे सोपे नव्हे. परंतु त्या पद्धतीत प्रश्न नेहमी दुसरा विचारतो आणि चार उत्तरे तोच पुरवतो. चार पर्यायांपैकी एक खूण करणाऱ्या मुलाला पाचवी शक्यता सुचली तर गुण जातात. पक्ष्यांच्या वर्तनाच्या शास्त्रात जे काही मोठे घडले ते पाचव्या शक्यतेतून घडले : विणणारा नर असेल, मादी वीण न पाहता जागा पाहत असेल, म्हशी तळे राखीत असतील.

वाट आता सलीम अलींच्या काळाइतकी निराधार राहिलेली नाही. परिसरशास्त्राचे केंद्र गाडगीळांनी १९८३ साली बंगळूरला उभे केले. विद्यापीठांतून हा विषय शिकवला जातो. नांदेडला १९९४ पासून स्वतःचे विद्यापीठ आहे. नोकऱ्या थोड्या आहेत आणि स्पर्धा भारी, हे खरे. म्हणून कोणा आईबापांना मी असे सांगणार नाही की मुलाला डॉक्टरकीपासून वळवा. एवढेच सांगेन की, जो मुलगा अभ्यासातून मान वर करून खिडकीतल्या साळुंकीकडे पाहतो त्याचा वेळ वाया जात आहे असे लगेच धरून चालू नका. त्याला काय पाहिलेस ते विचारा, आणि किती वेळा पाहिलेस तेही.

यंदाच्या फराळाच्या दिवसांत या तिघांपैकी कोणतेही एक पुस्तक घरात यावे. 'चकवाचांदण' आजी-आजोबांनी मोठ्याने वाचावे असे आहे. 'सह्याचला आणि मी' कॉलेजातल्या मुलामुलींनी वडिलांशी वाद घालीत वाचावे असे. आणि ज्याला इंग्रजी जड जात नाही त्याने सलीम अलींचे पुस्तक वाचताना ती तबेल्यातली चिमणी विशेष लक्ष देऊन वाचावी. कार्तिकात ओढ्याकाठच्या बाभळींवर सुगरणींची घरटी अजून लोंबत असतात. त्यांतली पुरी किती आणि अर्धवट किती हे मुलांना मोजून आणावयास सांगावे. मोजणी चुकली तरी चालेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजता येते.